टॉवर दिसतो, दार दिसत नाही

मुंबईच्या वाकोल्यात बोलताना मध्येच थांबायची सवय लागते. धावपट्टीवरून विमान सुटलं की समोरचा गप्प, आपणही गप्प. घरघर ओसरली की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं. पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला आता जाणवतही नाही.

विमानतळ आमचा सख्खा शेजारी. ओळख किती?

इमारतीचा पुनर्विकास निघाला की तो आठवतो, कारण किती मजले चढवायचे ते विमानं ठरवतात. नाला भरला की आठवतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा धावपट्टीही पाण्यात होती आणि वाकोलाही. पण पोरांच्या नोकरीचा विषय निघाला की शेजारी एकदम लहान होतो. लोडर, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, ट्रॉल्या. बस्स.

आणि तो उंच टॉवर? 2013 साली उद्घाटन झालेला, जवळपास 84 मीटरचा? वर कोण बसतं, काय शिकून बसतं, हे गल्लीत कुणी कुणाला विचारत नाही.

गेल्या महिन्यात एकीनं विचारलं. आमच्या मजल्यावरच्या काकू एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आल्या. मुलगी बारावी सायन्सची, गणितात पक्की. "भाऊ, जरा वाचून बघता का? हिला त्या टॉवरमध्ये बसायचंय. हे लोक म्हणतात, एका वर्षात काम होतं. फी तेवढी हप्त्यानं भरायची."

माहितीपत्रकावर हेडफोन लावलेली हसरी मुलगी, तिच्यामागं टॉवर. आत अभ्यासक्रम: बोर्डिंग पास, बॅगेज, ग्रूमिंग, व्यक्तिमत्त्व विकास. रडार हा शब्द शोधूनही सापडला नाही. फी मात्र लगेच सापडली. लाखात होती.

काकूंना म्हटलं, पैसे भरले का? म्हणाल्या, सोमवारी भरायचेत.

सोमवार टळला. पण अशा किती काकू कुणालाही न विचारता सोमवारी पैसे भरून मोकळ्या होतात?

म्हणून एकदा सरळ सांगतो. मुंबईचा विमानतळ चालवते अदानींची कंपनी. एअर इंडिया 2022 पासून टाटांची. पण वैमानिकाला 'उतर' आणि 'थांब' सांगणारा आवाज आजही सरकारी आहे. नागरी विमानतळांवर तो आवाज भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, म्हणजे एएआयचा. हा आवाज देणाऱ्या नियंत्रकाची भरती तेच करतं, प्रशिक्षण तेच देतं, आणि प्रशिक्षणाच्या काळात पगारही तेच देतं.

जिथं शिकायचे पैसे मिळतात, तिथं जायला लाखाची फी कशाची?

पदाचं नाव ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल). नावात टॉवर नाही, म्हणून जाहिरात डोळ्यांसमोरून जाते आणि कळत नाही. 2022 मध्ये अशा 400 जागा निघाल्या, 2023 मध्ये 496, 2025 मध्ये 309. ठरलेला महिना नाही. एएआयच्या संकेतस्थळाकडं स्वतःच लक्ष ठेवायचं. अर्जाची फी 1,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना आणि सगळ्या मुलींना तीही माफ.

काकूंनी हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

पात्रता काय? पूर्णवेळ बीएस्सी, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन. किंवा कुठल्याही शाखेची इंजिनिअरिंगची पदवी, फक्त हे दोन विषय एखाद्या तरी सेमिस्टरला असले पाहिजेत. बारावीपर्यंतच्या पातळीचं बोलता-लिहिता येणारं इंग्रजी. वय 27 पर्यंत, ओबीसींना तीन वर्षांची सवलत, अनुसूचित जाती-जमातींना पाच. अनुभवाची अट नाही. ओळखीचीही नाही.

ओळखीची अट नाही म्हटल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटला. दोष त्यांचा नाही. आयुष्यभर दुसरं काही पाहिलेलं नाही.

खरी गळती परीक्षेच्या आधीच होते. दहावीनंतर निम्मा वर्ग कॉमर्सला जातो. सायन्सवाल्यांतले काही डॉक्टरकीच्या आशेनं बायो धरतात आणि मॅथ्स सोडतात. उरलेल्यांना कुणीतरी सांगतं, बीएस्सी आयटी कर, नोकरी पटकन लागते. तिथं गणित असतं, कॉम्प्युटर असतो, फिजिक्स नसतं. तीन वर्षांनी एएआयची जाहिरात हातात पडते आणि पहिल्याच ओळीत पोरगं बाद.

बाद झालेलं पोर हुशार होतं. त्याला सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

शाळेत करिअर मार्गदर्शन होत नाही का? होतं. डॉक्टर, इंजिनिअर, सीए, एमपीएससी. वर्गाच्या खिडकीबाहेर विमान उडत असतं, त्याचा आवाज येतो म्हणून मार्गदर्शक खिडकी बंद करायला सांगतात.

भूगोल बघा. वाकोल्याच्या एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला कलिना, म्हणजे मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी. विद्यापीठाच्या बीएस्सीच्या परीक्षांचा कारभार तिथून चालतो. लागणारी पदवी आणि लागणारी नोकरी यांच्यामध्ये आमचं घर. दोन्हीकडं चालत जाता येतं.

फक्त विद्यापीठानंही वेळेवर चाललं पाहिजे. 2017 साली उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचा घोळ झाला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलगुरूंना जावं लागलं. त्या वर्षी ज्यांचं पुढचं दार बंद झालं, ती पोरं कुठं गेली याची चौकशी कुणी केली? जाहिरातीतली शेवटची तारीख कुणाच्या निकालासाठी ताटकळत बसत नाही.

परीक्षा कॉम्प्युटरवर. 120 प्रश्न, दोन तास. अर्धे फिजिक्स-मॅथ्सचे, अर्धे इंग्रजी, बुद्धिमापन, अंकगणित, सामान्य ज्ञानाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि तरीही पोरं प्रश्न कोरे सोडून येतात, कारण त्यांना दुसऱ्याच परीक्षांची भीती भरवलेली असते.

त्यानंतर आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, अमली पदार्थांची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणा, कान, रक्तदाब, सगळं बघतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विमानतळावर लाल दिवा आणि हिरवा दिवा यांतला फरक शे-दोनशे माणसांच्या जिवाचा असतो.

सुरुवातीची वेतनश्रेणी 40,000 पासून 1,40,000 पर्यंत. भत्ते धरून वर्षाला सुमारे 13 लाख, असं 2025 च्या जाहिरातीतच छापलं होतं. फिजिक्स घेऊन काय करणार, असं विचारणाऱ्या मामांना ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवावी.

आता प्रशिक्षण. मुख्य केंद्र प्रयागराजजवळ बमरौलीला, 1948 पासूनचं. दुसरं हैदराबादला. आणि तिसरं?

गोंदियाला.

होय, आपल्याच गोंदियाला. बिरसीच्या धावपट्टीशेजारी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली ती धावपट्टी, आणि तिच्या कडेला आज देशभरातली पोरं विमानं हाकायला शिकतात. केरळची येतात, बिहारची येतात, आंध्रची येतात. गोंदिया महाराष्ट्रात आहे हे त्यांना तिथं आल्यावर कळतं. आणि गोंदियात हे शिकवतात, हे महाराष्ट्राला अजून कळायचंय.

पुणेकरांना एक सावधगिरीची सूचना. लोहगावच्या टॉवरमधला आवाज हवाई दलाचा आहे, गोव्यातल्या दाबोळीचा नौदलाचा. तिथं बसायचं तर वाट वेगळी, गणवेशाची. वाट चुकून दोन वर्षं घालवू नका.

प्रशिक्षण संपलं म्हणजे टॉवर मिळाला का? छे. पुढं प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण. शेजारी परवानाधारक नियंत्रक बसलेला, तुमच्या प्रत्येक शब्दावर त्याचा कान. मग बोर्डासमोर परीक्षा आणि रेटिंग, म्हणजे त्या जागी काम करायची मुभा. टॉवरचं रेटिंग वेगळं, विमानतळाकडं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचं (अप्रोच) वेगळं, लांबच्या आकाशाचं (एरिया) वेगळं. बदली झाली, नवा विमानतळ आला, की नव्या जागेची परीक्षा पुन्हा. वयाच्या पन्नाशीतही हे लोक परीक्षा देत असतात.

आणि एक गैरसमज. सगळे नियंत्रक काचेच्या टॉवरमध्ये बसत नाहीत. टॉवरवाले धावपट्टी आणि आजूबाजूचं आकाश सांभाळतात. बाकीचे खाली, मंद उजेडाच्या खोलीत, रडारच्या पडद्यासमोर. मुंबईच्या वाट्याचं आकाश अरबी समुद्रावर इतकं लांब पसरलंय की त्याची हद्द मस्कत, मोगादिशू आणि सेशेल्सच्या हद्दींना भिडते. भर समुद्रात रडार पोचत नाही. तिथं दूरच्या रेडिओवर आणि उपग्रहावरून आलेल्या संदेशांवर हिशेब मांडायचा: कोण, कुठं, किती उंचीवर, किती मिनिटांनी. दिसत नसलेल्या विमानांना एकमेकांपासून दूर ठेवायचं. म्हणून फिजिक्स. म्हणून मॅथ्स.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळं एका वेळी एकच वापरायची. 11 नोव्हेंबर 2023 ला या एवढ्याशा जागेत 24 तासांत 1,032 विमानं उतरली-उडाली. भागाकार करून बघा. 84 सेकंदांना एक. आमच्या वाकोल्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागायला त्याहून जास्त वेळ लागतो.

त्या दिवसाची बातमी विक्रमाची होती. बातमीत नियंत्रकाचं नाव नव्हतं.

नियंत्रक बातमीत येतो तो दुसऱ्याच दिवशी. जून 2024 मध्ये इथंच एक विमान धावपट्टीवर टेकत होतं आणि त्याच धावपट्टीवरून दुसरं नुकतं उचलत होतं. व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर फिरला. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं, चौकशी लागली. चौकशी व्हायलाच हवी होती. पण हजार वेळा बरोबर सांगितलेलं कुणाच्या फोनवर कधी फिरलं?

इंग्रजीची भीती. मराठी माध्यमातली पोरं इथं हमखास कच खातात. "तिथं फाडफाड बोलावं लागतं ना?" अजिबात नाही. फाडफाड बोलणारा तिथं धोक्याचा. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, सावकाश आणि स्पष्ट. थ्रीला 'ट्री' म्हणायचं, फाइव्हला 'फाइफ', नाइनला 'नाइनर', म्हणजे खरखरीतही आकडा कळावा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्यात, निदान चौथी गाठावी लागते. उच्चार लंडनचा असावा असं कुठंही लिहिलेलं नाही. समजेल असा असावा, एवढंच लिहिलंय.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रीडबॅक. नियंत्रकानं सांगितलेलं वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणायचं, नियंत्रकानं ते ऐकायचं, चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. 'हो हो, कळलं' चालत नाही.

हा खटाटोप कशासाठी? 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून सौदी विमान उडालं, कझाकस्तानचं विमान उतरायला येत होतं. एकाला 14,000 फुटांवर थांबवलेलं, दुसऱ्याला 15,000 वर. मध्ये हजार फूट. कझाक विमान 15,000 च्या खाली आलं आणि दोन्ही आदळली. हरियाणात चरखी दादरीच्या शेतांवर 349 माणसं गेली. वाचलं कुणी नाही. चौकशीत कझाक वैमानिकांच्या इंग्रजीवर बोट ठेवलं गेलं. आणि दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची उंची दाखवणारं रडार तेव्हा नव्हतं. ते नंतर आलं.

आपल्याकडं रडार नेहमी नंतर येतं.

मुंबईचं नशीब त्या मानानं बलवत्तर. 15 जुलै 1953 ला ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं. बाहेर काढायला नऊ दिवस लागले. धडा घेतला? 24 सप्टेंबर 1972 ला जपानी कंपनीचं डीसी-8 तीच चूक करून तिथंच उतरलं आणि धावपट्टीच्या पुढं गेलं. दोन्ही वेळा माणसं वाचली. दोन्ही वेळा वैमानिक डोळ्यांना दिसलेल्या धावपट्टीवरच उतरला. दिसतं ते आपलंच असेल असं नसतं, म्हणून वर कुणीतरी जागं लागतं.

जागं. हा शब्द महत्त्वाचा.

1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीच्या युबरलिंगनवर दोन विमानं आदळली. 71 बळी, त्यांत 52 मुलं. त्या आकाशाचा कारभार झुरिचमधून चालत होता आणि त्या वेळी कामावर एकच नियंत्रक, दोन पडद्यांमध्ये धावणारा. सहकारी विश्रांतीला गेलेला, फोन दुरुस्तीसाठी बंद. पावणेदोन वर्षांनी त्या नियंत्रकाला, अपघातात बायको आणि मुलं गमावलेल्या एका बापानं त्याच्या दारात भोसकून मारलं. एका माणसावर दोन माणसांचं काम टाकणाऱ्यांच्या दारात मात्र कुणी गेलं नाही. खटला झाला, चार व्यवस्थापक दोषी ठरले, पण त्यांतला एकही तुरुंगात गेला नाही.

आपल्याकडं वेगळं चित्र आहे का? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं लेखी सांगितलं: नियंत्रक कमी आहेत, आहेत ते दमलेत, कामाच्या तासांची मर्यादा पुरती पाळली जात नाही. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरला विमानं सुरू झाली. नवी धावपट्टी, नवी इमारत, नवे झेंडे. नियंत्रक नवे किती, हा प्रश्न उद्घाटनाच्या मांडवात कुणी विचारला?

काँक्रीट दोन वर्षांत ओतता येतं. नियंत्रक घडायलाही वर्षं लागतात, फक्त त्याची फीत कापता येत नाही.

त्यातून नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीत संदेश पोचवणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली. शेकडो विमानं रखडली. मग उड्डाणांचे तपशील कसे हलले? माणसांनी हातानं हलवले. आता सगळं कॉम्प्युटरच करेल, नियंत्रकाची गरज संपेल, असं व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्या भाऊजींनी तो दिवस लक्षात ठेवावा.

शिफ्ट रात्रीची असते. दिवाळी, गणपती, लग्नसराई, काही नाही. दारूचा थेंब तपासला जातो. पडद्यासमोर सलग दोन तास, मग विश्रांती, असा दंडक आहे आणि तो चैनीसाठी नाही. ज्याला हे जमणार नाही त्यानं येऊ नये. पण ज्याला जमेल त्याला हे ठाऊक तरी असू दे.

काकूंच्या मुलीला समोर बसवलं आणि सगळं एकदा सांगितलं. माहितीपत्रक मी परत दिलं नाही. तिला म्हटलं, आता रीडबॅक.

ती ताठ बसली. "बीएस्सी, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही. आयटीला जायचं नाही. सत्तावीसच्या आत. एएआयची साइट स्वतः बघायची. मुलींना फी नाही. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. डोळे आत्ताच तपासून घ्यायचे. क्लासला पैसे भरायचे नाहीत."

"एक राहिलं."

ती विचारात पडली. तेवढ्यात विमान सुटलं. तिघंही गप्प. खिडकीची काच थरथरली, घरघर पश्चिमेकडं समुद्रावर गेली.

"नेमणूक देशात कुठंही," ती म्हणाली. "दिब्रुगडसुद्धा."

"बरोबर."

काकूंनी पदराला हात पुसले. "दिब्रुगड कुठं आलं, भाऊ?"